मिटणाऱ्या दोघी

संजीवनी उमलताना सगळेच बघतात. जत्रेत जडीबुटीवाला परातीत पाणी ओततो, त्यात वाळका तपकिरी गोळा टाकतो आणि जाता-येता माणसं वाकून वाकून बघतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. गेल्या चैत्रापासून मात्र मला तिच्या मिटण्याची गोडी लागली. जालन्याचं ऊन, चाळिशीच्या वर गेलेला पारा, पंखा बंद केलेली मधली खोली आणि टेबलावर दोन बशा. एकीत आपली, दुसरीत मेक्सिकोची. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून निसटावं तसा एकेका फांदीतला ओलावा जातो आणि फांदी वळते. हे बघताना घरच्यांनी मला दोनदा जेवायला हाका मारल्या, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

पहिली मिळाली जांब समर्थला, रामनवमीला. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव म्हणजे रामदासस्वामींचं जन्मस्थान. शके १५३०, इसवी सन १६०८ मधल्या रामनवमीचा जन्म. गावोगाव मारुती उभे करणाऱ्या माणसाच्या गावात संजीवनी विकायला बसण्यात त्या म्हाताऱ्याचा काही हिशेब होता, की फक्त लिंबाखालची जागा रिकामी सापडली होती, कोण जाणे. फडक्यावर हिरडा, बेहडा, मुरुडशेंगा, कसली कसली मुळं. आणि कोपऱ्यात मुठीएवढे वाळके झुपके. ‘पान्यात टाका मालक, सकाळच्याला जित्ती नाही झाली तं पैशे वापस.’ कुठून आणली विचारलं, तर हात उत्तरेकडे करून म्हणाला, ‘लांबून. सातपुड्यातून.’ ते खरं असू शकतं. अरवली, विंध्य, सातपुडा या रांगांतल्या उघड्या खडकांवर ती वाढते. आमच्या जिल्ह्यातल्या काळ्या कातळावर मला ती कधी दिसली नाही, आणि मी कमी शोधलेली नाही.

दुसरी घरपोच आली. खोक्यावर ‘जेरिकोचा गुलाब’ असं छापलेलं, खाली सुखसमृद्धीची हमी. जेरिकोशी तिचा काडीचा संबंध नाही. तो मान अॅनास्टॅटिका नावाच्या मोहरीच्या कुळातल्या झुडपाचा. हज यात्रेहून येणारे लोक ते आणतात, आणि जुन्या जालन्यातल्या मुसलमान शेजारणी त्याला मरियम बुट्टी म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीत ते पाण्यात ठेवायचं. त्याच्या काड्या सुटत जातात तशी बाई सुटते, अशी समजूत. खोक्यातली होती ती मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या चिवावा वाळवंटातली आणि टेक्सासच्या कोरड्या कडेची रहिवासी. तिकडे तिला दोरादिया म्हणतात आणि मुतखड्यावर तिचा काढा पितात. म्हणजे एकीच्या नावावर रामायण, दुसरीच्या नावावर बायबल, आणि दोघींनी दोन्ही ग्रंथ वाचलेले नाहीत.

शास्त्रात दोघींचं आडनाव एकच, सिलाजिनेला. आपली सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस, म्हणजे शेवाळनेचा. हे नाव लिनिअसच्या वेळचं. ती सिलाजिनेला लेपिडोफायला, म्हणजे खवल्यांच्या पानांची. या घरात सातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेकींना ओल, सावली, धबधब्याचे तुषार लागतात. या दोघींसारख्या, हाडापर्यंत वाळून परत उठणाऱ्या, मोजक्याच.

मोठ्या गणगोताला इंग्रजीत जे नाव आहे, त्यात गदा आहे. फांदीच्या टोकाशी बीजुकांचा जो दांडा येतो, तो गदेसारखा दिसतो म्हणून. मारुतीच्या वनस्पतीला गदेचं नाव असावं, हा योगायोग मला इतका आवडला होता की नीट बघितल्यावर वाईट वाटलं. सिलाजिनेलाचा दांडा गदेसारखा नसतोच, चौकोनी बारीक कणसासारखा असतो. गदा शोभते ती चुलत घराला, लायकोपोडियमला. त्याच्या बीजुकांची पिवळी पूड पाण्याला दाद देत नाही आणि ज्योतीवर उडवली तर भपकन पेटते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने जगातली पहिली झेरॉक्स काढली, ती याच पुडीने. आणि जालन्यातल्या कुठल्याही होमिओपॅथच्या पेटीत ‘लायकोपोडियम’ लिहिलेली बाटली असतेच.

या गणगोतात एके काळी झाडं होती. लेपिडोडेंड्रॉन, शंभर फूट उंचीची, अंगभर खवल्यांची नक्षी असलेली. युरोप-अमेरिकेतला पुष्कळ कोळसा त्यांचा. आपल्याकडचा नव्हे. चंद्रपूर-वणीचा कोळसा त्यानंतरच्या काळातला, आणि तो मुख्यतः ग्लॉसोप्टेरिस या वेगळ्याच झाडांचा. जालन्याच्या सळईच्या भट्ट्यांना लागणाऱ्या विजेत संजीवनीच्या पूर्वजांचा धूर आहे, असं वाक्य मी एकदा भाषणात टाकून टाळ्या मिळवल्या होत्या. ते चुकीचं होतं. इथे परत घेतो.

आता बशांकडे येऊ. आधी उघड्या अवस्थेत.

रात्रभर पाण्यात राहिल्यावर आपली संजीवनी सकाळी उभी असते. उभी, हे महत्त्वाचं. तिला देठ आहे. खालची तीन-चार बोटं देठ एकटाच जातो, अंगाला चिकटलेली विरळ पानं घेऊन, आणि मग वर पिसासारखा फांद्या सोडतो. खालच्या फांद्या लांब, वरच्या आखूड; त्यामुळे सगळा आकार भाल्याच्या पात्यासारखा होतो. वरून गडद हिरवा, उलटून बघावं तर फिकट. कुणीही याला नेचा म्हणेल, लिनिअसनेही नावात नेचा घालून ठेवला. पण भिंग लावलं की भ्रम जातो. पान जेमतेम दाण्याएवढं, आणि त्यात शीर एकच. नेच्याच्या पानात शिरांचा पसारा असतो. नात्याने बघितलं तर नेचा आमच्या कपाशीला जास्त जवळचा आहे. संजीवनीची वाट त्याही आधी, चाळीस कोटी वर्षांपलीकडे फुटली. नेच्यासारखं दिसण्याचं हे सोंग तिने कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. पान मोठं करता येत नव्हतं, तर तिने सबंध फांदीलाच पान केलं. एकशिरी कणांची ओळ लावत लावत इतका मोठा पिसारा उभा करणं, ही मला तिची सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पानांच्या ओळी चार. दोन बाजूंना पसरलेल्या मोठ्या पानांच्या, दोन वरच्या अंगाला लहान पानांच्या, वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. हे दोघींतही आहे. पण आपलीची वेणी थोडी सैल आहे, मधून देठाचा रंग दिसतो. मेक्सिकोवालीची वेणी घट्ट, कौलांवर कौल बसावं तशी. नावातले खवले तिथूनच आले.

आणि तिला देठ नाही. तिच्या सगळ्या फांद्या जमिनीलगत एकाच मध्यातून निघतात, फिरकीने, एकीच्या वर पुढची. ओली झाल्यावर ती बशीत भाकरीसारखी पसरते. गोल, सपाट, नक्षीदार. फोटो काढायला उत्तम. पण तिच्याकडे बघून संपतं. आपलीकडे बघताना मान वळवावी लागते, खालून बघावं लागतं, उजेडापुढे धरावं लागतं. उघड्या अवस्थेत माझं मत आपलीला आहे, आणि हे देशाभिमानातून आलेलं नाही याची खात्री पटायला पुढचं वाचावं. कारण मिटण्यात मेक्सिकोवाली तिला धूळ चारते.

आपली मिटते ती मूठ वळावी तशी. आधी कडेच्या बारक्या फांद्यांची टोकं आत वळतात, मग त्या फांद्या, मग सबंध पिसारा पुढे झुकून स्वतःच्या पोटाशी येतो. हिरवी बाजू आत, फिकट पाठ बाहेर. प्रत्येक पिसारा आपापला मिटतो, शेजारणीची वाट बघत नाही. त्यामुळे एकीचा हात दुसरीच्या खाली सापडतो, एखादा अर्धवट उघडाच राहतो. शेवटी जो झुपका होतो, तो घाईत गुंडाळलेल्या अंथरुणासारखा असतो.

मेक्सिकोवालीच्या मिटण्यात ठरलेला क्रम आहे. बाहेरच्या जुन्या फांद्या आधी आणि लवकर वळतात, बांगडीसारख्या गोल कड्यांत. आतल्या कोवळ्या फांद्या सावकाश, शेंड्याकडून आत आत जाणाऱ्या फिरकीत. बाहेरच्या कड्या एकमेकींत अडकून आतल्या फिरक्यांभोवती पिंजरा करतात, आणि वाळवंटात पडून राहायला एक घट्ट चेंडू तयार होतो. २०१५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रफसंजानी, पासिनी वगैरे मंडळींनी हे मोजून मांडलं. फांदीचा आडवा छेद सगळीकडे सारखा नसतो; एक बाजू ताठ, दुसरी पाण्यासोबत आकसणारी, म्हणून फांदी वळते. आतल्या फांद्यांत हा फरक लांबीभर बदलत जातो, म्हणून कड्याऐवजी फिरकी होते. घडी होऊन उलगडणाऱ्या यंत्ररचनांसाठी याचा उपयोग होईल, असं त्यांनी म्हटलं होतं. होईलही. मला ते वाचताना आजी आठवली. लुगड्याची घडी घालताना ती काठ कधी चुकवायची नाही, आणि उलगडताना एका झटक्यात लुगडं अंगणभर व्हायचं.

आमच्याकडे कपाशीचं बोंड वाळलं की उकलतं. या दोघी वाळल्या की मिटतात. तंत्र तेच, कोरडेपणाने आकसणाऱ्या भिंतींचं. गरज मात्र उलटी. बोंडाला आतला माल वाऱ्यावर द्यायचा आहे, यांना आतला माल उन्हापासून लपवायचा आहे. पाणी नसताना हिरव्या पानावर ऊन पडलं तर पानच पानाला जाळतं. हरितद्रव्य उजेड घेत राहतं आणि तो खर्च करायला आत काही नसतं. कित्येक वाळणाऱ्या वनस्पती म्हणून आधी हिरवा रंग मोडून टाकतात. या दोघी तसं करत नाहीत. रंग शाबूत ठेवून त्याच्यावर पदर घेतात. अंगातलं ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलेलं असतं, पेशींत ट्रेहालोजसारख्या साखरा पाण्याची जागा धरून बसलेल्या असतात, आणि बरीचशी यंत्रं मोडीत न काढता कापडाखाली झाकून ठेवलेली असतात. इतक्या मोठ्या व्यवहाराची पोथी मात्र चिमुकली. २०१८ साली मेक्सिकोवालीचा जनुकसंच वाचला गेला, तो अवघा अकरा कोटी अक्षरांच्या घरात भरला. माणसाचा तीनशे कोटींचा.

हे सगळं मला इतकं का भिडतं, ते जालन्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमची मोसंबीची बाग आहे. मोसंबीला फुलवायचं तर आधी तहानेला टाकावं लागतं. त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बरीच गळतात. मग जानेवारीत ताण सोडायचा, आणि बाग पांढऱ्या फुलांनी घमघमते. किती दिवस ताण द्यायचा, हे जमीन बघून. हलक्या रानात थोडे, भारी काळ्या रानात जास्त. माझे वडील मोजत नसत, पान चिमटीत धरून ठरवत. ‘अजून बसला नाही,’ म्हणायचे, किंवा ‘बसला, उद्या सोडा.’ एक दिवस जास्त झाला तर झाड रुसतं, दहा दिवस जास्त झाले तर मरतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तो ताण आम्ही दिलेला नव्हता आणि सोडणंही आमच्या हातात नव्हतं. टँकर होते तोवर टँकर, मग फांद्या छाटून झाडाची भूक कमी करणं, मग कुऱ्हाड. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातली किती खोडं तोवर चुलीत गेली होती, ते ज्याच्या त्याच्या बांधाला ठाऊक. मोसंबीला ताण सोसतो, पण हद्दीत. बशीतल्या या दोघींना ती हद्दच दिसत नाही.

रामायणातली संजीवनी हीच का, हा प्रश्न लोक मला पहिल्यांदा विचारतात आणि मी शेवटी घेतो. युद्धकांडात जांबवान चार औषधी सांगतो: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी. त्यांच्या खुणा पुरेशा नाहीत. २००९ साली बंगळुरूच्या गणेशय्या, वासुदेव आणि उमा शंकर यांनी नाव, अधिवास, गुण असे निकष लावून शोध घेतला, तेव्हा शेवटच्या यादीत आपली ब्रायोप्टेरिस होती, पण एकटी नव्हती. एक ऑर्किड तिच्या जोडीला होतं. त्याआधी, २००५ साली, तिचा अर्क प्रयोगशाळेतल्या पेशींना उष्णतेच्या आणि अतिनील किरणांच्या माऱ्यातून काही प्रमाणात वाचवतो असं एका भारतीय गटाने दाखवलं. बशीतल्या पेशी म्हणजे लक्ष्मण नव्हे, हे विक्रेते सांगत नाहीत. २०१६ साली उत्तराखंड सरकारने शोधासाठी पंचवीस कोटी रुपये जाहीर केले. तिथल्या द्रोणागिरी गावात मारुतीची पूजा होत नाही. आमचा डोंगर नेला, परत आणून ठेवला नाही, हा त्यांचा राग आजही ताजा आहे. भीमरूपी स्तोत्रात द्रोण पर्वत उपटल्याचं वर्णन करणाऱ्या रामदासांना या गावात कुणी विडा दिला असता की नाही, शंकाच आहे. माझं मत विचाराल तर ब्रायोप्टेरिस हिमालयातली नाही, उघड्या पठारी खडकांची आहे, आणि तिला मेलेल्याला उठवण्याची कीर्ती मिळाली ती केवळ स्वतः उठण्यामुळे. ज्याला स्वतःला जमतं, त्याला दुसऱ्यालाही जमेल, असं आपण डॉक्टरांबद्दल धरतो तसंच.

पण उठणं म्हणजे काय, हा पेच बशांनीच टाकला.

तीनदा भिजवल्या, तीनदा वाळवल्या. मेक्सिकोवाली तिन्ही वेळा तितकीच निर्दोष उलगडली. फांदी न फांदी जागच्या जागी. आपली पहिल्यांदा वाकडी उघडली, दुसऱ्यांदा दोन पिसारे मिटलेलेच राहिले, तिसऱ्यांदा त्यातला एक कुजला. परीक्षक म्हणून मी गुण देऊन मोकळा झालो होतो. मग चौथ्या दिवशी सकाळच्या उन्हात दोन्ही बशा खिडकीत ठेवल्या आणि रंग बघितला. मेक्सिकोवाली उघडी होती, पण आतपर्यंत चहाच्या चोथ्याच्या रंगाची. बशीतलं पाणीही चहासारखं. ती मेलेली होती, बहुधा खोक्यात भरण्याच्याही आधी. तिच्या फांद्यांच्या भिंती वळतात आणि सुटतात त्या केवळ पाण्याच्या येण्याजाण्याने. त्याला जिवाची गरज लागत नाही. मेलेल्या लेपिडोफायला अशाच उमलतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं समोर असूनही तीनदा फसलो, कारण मी आकार बघत होतो.

आपलीच्या एका पिसाऱ्याच्या शेंड्याला मात्र पोपटी ठिपका होता. मुळांचा झुपका तुटका, म्हाताऱ्याने खडकावरून खरवडून आणलेली, तरी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत तिचे तोडलेले पिसारे वाळवून भिजवले होते, आणि मुळांवाचूनही त्यांचं अन्न बनवणं पुन्हा सुरू झालं होतं. तेव्हा जांबच्या म्हाताऱ्याचे पैसे वाजवी होते.

तरी मेक्सिकोवाली टाकवली नाही. तिची घडी तिने जिवंतपणी घालून ठेवलेली आहे; कुठली बाजू किती ताठ करायची, फिरकी कुठून सुरू करायची, हे भिंतीत बांधून ती गेली. पाणी घातलं की ते हस्ताक्षर उलगडतं. ती आता दिवाणखान्यात काचेखाली आहे, आणि पाहुणे आले की तिलाच मान मिळतो.

आपली मागच्या ओट्यावर, दगडाच्या चिपा घातलेल्या पसरट कुंडीत आहे. पोपटी ठिपका आता करंगळीच्या नखाएवढा झाला. काल तिचं पाणी तोडलं. आज दुपारी टोकं आत वळायला लागली आहेत; पान चिमटीत धरून बघितलं, अजून बसला नाही.